पुण्यातले अकरा आठवडे

मंडळाच्या पिकनिकला आमच्या कडेवर नवं माणूस पाहून अनेकांनी आपुलकीने चौकशी केली आणि बहुतेकांच्या चौकशीचा शेवट एकाच प्रश्नाने झाला : "पण काय हो, अकरा आठवडे पुण्यात करत काय होता?" कुणाला वाटलं नाटकं पाहिली असतील, कुणाला वाटलं लक्ष्मी रोड पालथा घातला असेल. एका काकांनी तर "कोथरूडला फ्लॅट बघत होता ना?" असं डोळे मिचकावून विचारलं. मग संपादकांनीही गळ घातली की आता लिहाच. तर मंडळी, खरं उत्तर असं की त्यातला निम्मा वेळ आम्ही एरंडवण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये फरशीवर मांडी घालून बसलेलो होतो. समोर कुकरची झाकणं, चार वाट्या, एक तांब्या, आणि त्यांच्या पलीकडे दोन वर्षांना दोन महिने कमी असलेली एक मुलगी, जिला आम्ही अजून पसंत पडलेलो नव्हतो.

लेखणी एकाच्याच हातात आहे, पण लेख दोघांचा, म्हणून इथून तिथून 'आम्ही'. जिथे फरक करावाच लागेल तिथे आमच्यातली आई आणि आमच्यातला बाबा. मुलीचं नाव मात्र इथे देत नाही. तिची गोष्ट पुढे कुणाला सांगायची आणि किती सांगायची ते तिचं ती ठरवेल. आम्ही आमच्या वाट्याचं तेवढं सांगतो.

कागदपत्रांचं थोडक्यातच, कारण तो विषय निघाला की आम्ही थांबत नाही. भारतातून मूल दत्तक घ्यायचं म्हणजे दिल्लीच्या 'कारा' या केंद्रीय संस्थेची परवानगी हवी आणि इकडे आपल्या इमिग्रेशनचे फॉर्म. दोन्ही देश हेग करारात आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून, त्यामुळे दोन्हीकडचे शिक्के एकमेकांशी जुळावे लागतात. पूर्वी दत्तकाचा हुकूम कोर्टातून निघायचा, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी काढतात. 'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आलं की हुकूम होईपर्यंत मूल सांभाळायला आपल्याकडे घेता येतं, पण भारतातच राहून. हुकूम, पासपोर्ट सगळं तयार झाल्यावर जायचं आणि थोडक्या दिवसांत मूल घेऊन परत यायचं, असाही मार्ग होता. आम्ही आधी जायचं ठरवलं. होम स्टडी करणाऱ्या आमच्या सोशल वर्कर बाईंनी सांगितलं होतं की तिचं घर, तिची माणसं, जेवण, भाषा, हवा, हे सगळं एका दिवसात बदलू नका, आधी फक्त माणसं बदलू द्या. ते आम्हाला तत्काळ पटलं. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचा, हे मास्टर्सच्या पहिल्याच सेमिस्टरला डोक्यात बसवलेलं होतं. त्याचा असा उपयोग होईल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं!

आमच्यातला एक सांगलीचा, एक नागपूरची. पुणं तसं दोघांनाही परकंच. (पुणेकर वाचकांनी रागावू नये, कौतुक पुढे येतंय.) एरंडवण्यात कमला नेहरू पार्कपासून चालत पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. मालकांनी जिन्यात चार पाट्या लावलेल्या होत्या आणि पाचवी आम्ही येण्याच्या आदल्या दिवशी लावली असावी, कारण तिच्यावर 'लहान मुलांनी जिन्यात आवाज करू नये' असं होतं. आमच्या मुलीने ती पाटी सुरुवातीचे तीन दिवस इतकी तंतोतंत पाळली की आम्ही घाबरून गेलो.

मंगळवार, ९ जानेवारी २०२४. संस्थेच्या ऑफिसात सह्या झाल्या, रजिस्टरात नोंदी झाल्या, आणि एक मावशी तिला घेऊन आल्या. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, एका हातात स्टीलचा चमचा. मावशींनी तिला आमच्यातल्या आईच्या हातात दिलं. ती रडली नाही, हसली नाही, चमचाही सोडला नाही. रिक्षातही तशीच. घरी आल्यावर जिथे ठेवली तिथे बसली. भरवलं ते खाल्लं, आडवं केलं तशी आडवी झाली आणि डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत राहिली. फोनवर सगळ्या नातेवाइकांना आम्ही हे सांगितलं आणि सगळ्यांचं एकच म्हणणं : "किती गुणी आहे हो, त्रास नाही मुळीच!" नागपूरच्या मामाने तर विचारलं, "काहून बा, एवढी शहाणी पोरगी भेटली तरी तुमचे चेहरे असे?"

चेहरे तसे होते याला कारण होतं. इतक्या लहान मुलाने न रडणं म्हणजे ते खूश आहे असं नव्हे. रडून काही उपयोग नाही असं त्याला वाटत असतं, किंवा इतकं काही एकदम घडलेलं असतं की रडणंसुद्धा सुचत नाही. चौथ्या रात्री दोन वाजता मात्र बांध फुटला. "मावशी, मावशी" करत ती दाराकडे धावली आणि दाराला डोकं लावून पहाटे साडेचारपर्यंत रडली. आम्ही दोन्ही बाजूंना बसून राहिलो. जवळ घेऊ गेलो की ढकलायची, दूर झालो की आणखी जोरात रडायची. हातभर अंतर ठेवून बसलं तेव्हा कुठे तिला चाललं. सकाळी संस्थेच्या ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता सुरू झालं." ज्या दिवसाची आम्ही तीन वर्षं वाट पाहिली, पेढे मागवले, तो तिच्या दृष्टीने तिची सगळी माणसं एकदम नाहीशी होण्याचा दिवस होता. ज्या मावशींनी तिला अंघोळ घातली, भरवलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं, त्यांच्यासाठी ती रडत होती. कुणासाठी तरी इतकं रडता येतंय म्हणजे जीव लावायला ती आधीच शिकलेली आहे, हे ताईंचं म्हणणं आम्ही त्या आठवड्यात घोकत होतो.

'मावशी' या शब्दाचं आणखी एक. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशीच असतात. त्यामुळे आमच्यातली आई मावशी झाली, खालच्या मजल्यावरच्या काकू मावशी, दूधवाला मावशी, आणि आमच्यातला बाबा म्हणजे दाढीवाली मावशी. तिचे बाकीचे शब्द बहुतेक हुकमाचे होते. 'बस', 'गप', 'हात', 'रांग'. जेवायची वेळ झाली की ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राही आणि आम्हालाही बोट दाखवून सांगे, "रांग!" मग आम्ही दोघं, चाळिशी उलटलेली माणसं, तिच्यामागे वाट्या घेऊन रांगेत उभे राहत असू. हसू नका, घरातला आमचा तिघांचा पहिला सामुदायिक कार्यक्रम तो होता.

रात्रीची झोप हा मोठा प्रश्न झाला. आम्ही आपले इथल्या सवयीने तिच्यासाठी शांत, अंधारी खोली तयार केली होती. पण जिने आजवर वीस मुलांच्या खोलीत, ओळीने मांडलेल्या पाळण्यांपैकी एकात झोप काढली तिला अंधार आणि शांतता म्हणजे शिक्षाच. आठव्या दिवशी आम्ही गाद्या जमिनीवर ओढल्या, स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला आणि आकाशवाणी पुणे केंद्र हळू आवाजात लावून ठेवलं. बातम्यांत ती झोपली. कांद्याच्या भावावर, धरणांच्या पाणीसाठ्यावर ती गाढ झोपायची. दुपारी मात्र पुण्याने आमची बाजू घेतली. एक ते चार दुकानं बंद, बेल वाजवायची कुणाची छाती नाही, रस्त्यावर फक्त भंगारवाल्याची आरोळी. या पुणेरी विश्रांतीची आजवर आम्हीही चेष्टा केली आहे. यापुढे करणार नाही.

अंघोळीचंही तसंच. शॉवर पाहिला की ती ताठ व्हायची. मग बादली आणि तांब्या आणला. पहिला तांब्या आम्ही आमच्या पायावर ओतायचा, दुसरा तिच्या, तिसरा ती स्वतः ओतणार, असा क्रम ठरला. त्यात एकदा जरी उलटसुलट झालं तरी सगळं पहिल्यापासून. अंघोळीआधी तेल लावताना ती दोन आठवडे नुसती छताकडे बघत असे. एक दिवस तिने आमच्यातल्या आईचा अंगठा धरला आणि तेलकट हाताने तिच्या मनगटावर, आपण चोळतो तसं, वरखाली चोळायला लागली. आईच्या डोळ्यांत तेल गेलं असं त्या दिवशी सांगण्यात आलं.

खाण्याची गोष्ट जरा जड आहे. ती भराभर खायची, न चावता, आणि ताटली रिकामी झाली की इकडे तिकडे बघायची. बिस्किट दिलं की अर्धं खायची आणि अर्धं मुठीत. मूठ झोपेतही सुटत नसे. सकाळी गादीवर पार्ले-जीचा भुगा आणि मुंग्या. संस्थेत पोटभर मिळत नव्हतं असं मुळीच नाही, तिचं वजन चांगलं होतं. पण वीस मुलांत घड्याळाप्रमाणे मिळणारं अन्न आणि मागितलं की मिळणारं अन्न यांत फरक असतो, आणि दुसऱ्या प्रकारावर विश्वास बसायला वेळ लागतो. आम्ही तिच्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर एक डबा ठेवला. चुरमुरे, एक केळं, खाकऱ्याचे तुकडे. तो डबा कधीही रिकामा ठेवायचा नाही हा घरातला एक नंबरचा नियम. दिवसातून वीस वेळा ती झाकण उघडून आत बघे, काही न घेता लावून टाके आणि परत येई.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, रथसप्तमीच्या आत, बोरन्हाण केलं. त्याआधी सांगलीहून आजी आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर एक मोठा पेचही. आम्हाला सांगण्यात आलेलं होतं की सुरुवातीचे काही आठवडे तिला उचलून घेणं, भरवणं, झोपवणं, लागलं-खुपलं तर जवळ घेणं हे फक्त आई आणि बाबांनी करायचं. बाकीच्यांनी गप्पा माराव्यात, खेळावं, पण मांडीवर घेऊ नये. कारण जिच्यापुढे दिवसपाळी आणि रात्रपाळीला वेगवेगळे हात आले तिला आधी कळायला हवं की हे दोन हात पाळी संपली म्हणून घरी जाणार नाहीत. कागदावर वाचायला हे सोपं आहे. सांगलीहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या, नातीसाठी मऊ लुगड्याची गोधडी शिवून आणलेल्या आजीला दारात हे सांगून बघा! "अरे, माझ्या नातीला उचलायला मला तुमच्या त्या बाईची परवानगी लागणार का?" आजी म्हणाल्या. नंतर दोन दिवस त्या आमच्याशी कामापुरतं बोलल्या.

तिसऱ्या दिवशी आजींनी स्वतःच तोड काढली. त्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाट टाकून बसल्या आणि परातीत गहू घेऊन निवडायला लागल्या. नातीकडे बघायचंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने नात परातीजवळ. एका तासाने परातीत. आजींनी एक खडा वेचून बाजूला ठेवला, तिने एक गहू वेचून खड्यांत ठेवला. पुढे रोज सकाळी हा उद्योग. पाव किलो गहू आठवडाभर निवडले जात होते. आजींनी त्या तीन आठवड्यांत नातीला एकदाही उचललं नाही. फोनवर आमच्या आत्याला त्या सांगत होत्या, "बाळंतिणीला आपण चाळीस दिवस कुणाला शिवू देत नव्हतो ना, तसंच समज. फक्त बाळ जरा मोठं आहे." आमच्या सोशल वर्कर बाईंना हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

तर बोरन्हाण. माणसं मोजकीच : आजी, खालच्या काकू आणि त्यांची दोन नातवंडं. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून औक्षण, आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा. आपल्याकडे इतर मुलांनी त्यावर झडप घालायची आणि हशा पिकवायचा अशी पद्धत. काकूंच्या नातवंडांनी तशी झडप घातली. आमची मुलगी हसली नाही. तिने फ्रॉकचा घेर पुढे ओढून ओटी केली आणि एकेक चुरमुरा, एकेक बोर वेचून त्यात भरायला लागली. चटचट, कुणाकडे न बघता, ओठ आवळून. पाटाखाली गेलेले चुरमुरेसुद्धा तिने पाट उचलायला लावून काढले. काकूंची नातवंडं आपोआप मागे सरकली, हसणं थांबलं. "तिला एकटीला कशाला एवढं..." असं काकू म्हणायला लागल्या तोच आजी म्हणाल्या, "राहू द्या. सगळं तिचंच आहे." ती ओटी तिने रात्री झोपेपर्यंत सोडली नाही.

आमच्यातल्या बाबाची कथा वेगळी. संस्थेत पुरुष दोनच प्रकारचे, वॉचमन आणि इंजेक्शनवाले डॉक्टर. बाबा खोलीत आला की ती ओढणीच्या आड. त्याने भरवायला घेतलं की तोंड बंद. बाबाने इंजिनिअरच्या स्वभावाप्रमाणे एक वही केली, झोपेचे तास, रडण्याची वेळ, जेवण, आणि रोज रात्री आलेख काढायला बसला. आजी म्हणाल्या, "मुलीचा आलेख काय काढतोस, मुलीसमोर बस जाऊन." मग तो कुकरची झाकणं, डबे, वाट्या घेऊन तिच्याकडे अर्धी पाठ करून फरशीवर बसायला लागला. झाकणं डब्यांना लावायची, काढायची. रोज तास-दीड तास, दहा दिवस. सतराव्या दिवशी त्याने मुद्दाम मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवलं. तिने दोन मिनिटं बघितलं, तिला ते असह्य झालं असावं, ती आली, झाकण काढलं आणि बरोबर डब्याला लावून त्याच्याकडे पाहिलं. "मावशी, नाही," असं बजावलं. बाबाला एवढा आनंद थीसिस पास झाल्यावरही झाला नव्हता.

त्याच सुमाराला रजेचा प्रश्न उभा राहिला. ठरल्याप्रमाणे बाबाने पाच आठवड्यांनी परत जाऊन, मग व्हिसाच्या वेळी पुन्हा यायचं होतं. आता नुकतं कुठे झाकण लागायला लागलं होतं, आणि ज्या मुलीच्या आयुष्यात माणसं अशीच न सांगता गेली आहेत तिच्यासमोरून बॅग घेऊन निघायचं! १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याप्रमाणे पन्नासच्या वर माणसं असलेल्या कंपनीत वर्षभर पूर्णवेळ काम केलेलं असेल तर बारा आठवडे रजा मिळते, आणि ती दत्तकालाही लागू आहे. बिनपगारी, पण नोकरी शाबूत. आमच्यातल्या आईने ती आधीच घेतली होती. बाबानेही अर्ज केला. दोन पगार बंद, पुण्यात एक भाडं, इकडे घराचा हप्ता. बाबाच्या साहेबाने फोनवर दोनदा विचारलं की आई तिथे आहे ना, मग तुझं तिथे नेमकं काय काम? झाकणांचं सांगून काही उपयोग झाला नसता. तो राहिला. त्या हप्त्यांची भरपाई आम्ही अजून करतोय, आणि दत्तकाच्या विचारात असलेल्या जोडप्यांना आमचं सांगणं आहे की विमानाच्या तिकिटाआधी या रजेचा हिशेब करा.

बाहेर पडायला लागलो तसं पुणं दिसायला लागलं. सकाळी कमला नेहरू पार्क. तिथे आमची मुलगी कुठल्याही बाईकडे हात पसरून जाई, बोट धरून चालायला लागे. "किती माणसाळलेली आहे!" असं कौतुक व्हायचं आणि आमच्या पोटात गोळा यायचा, कारण जिला सगळेच सारखे तिचं अजून कुणीच नसतं. रविवारी पेशवे पार्कात फुलराणी. ही छोटी आगगाडी १९५६ सालची, तिच्यात बसलेल्या मुलांची आता नातवंडं बसतात. पहिल्या फेरीत तिने आमच्या दोघांचे शर्ट दोन मुठींत पकडून ठेवले. दुसऱ्या फेरीत एक मूठ सुटली. नऊ फेऱ्या केल्या. तिकीटवाले म्हणाले, "पास काढा आता."

जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे होतेच. तिथून जवळच ससून, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभं राहिलेलं. त्याच्या आवारात 'श्रीवत्स' हे बालसंगोपन केंद्र आहे. क्रिकेटवेड्या वाचकांना माहीत असेल, ऑस्ट्रेलियाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर तिथलीच. १९७९ साली पुण्यात जन्मलेल्या या मुलीला हरेन आणि स्यू स्थळेकरांनी दत्तक घेतलं, आणि एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली महिला ठरली. आमच्यातल्या बाबाने त्याच दिवशी तुळशीबागेतून प्लॅस्टिकची बॅट आणली. तिने ती रवी म्हणून वापरली.

एका दुपारी गंज पेठेत महात्मा फुले वाड्यात गेलो. शाळेत असताना फुले म्हणजे मुलींची शाळा एवढंच पाठ केलेलं. याच शहरात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी येऊन बाळंत व्हावं आणि मूल मारून टाकावं लागू नये म्हणून, हे आता वेगळ्या नजरेने वाचलं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे झाल्या, असं सांगतात. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई वारल्या. आम्ही हे वाचत असताना आमची मुलगी जोतिरावांच्या समाधीजवळच्या फरशीवर बसून दोन चपला जुळवत होती. एक तिची, एक पहारेकऱ्याची.

हुकूम मार्चच्या सुरुवातीला झाला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ते सगळं कार्यालय निवडणुकीत बुडून गेलं, तेव्हा आम्ही पासपोर्टच्या रांगेत होतो. रांग! ही मात्र तिच्या ओळखीची गोष्ट. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात तिने पुढच्या गृहस्थांची पँट धरून इतकी शिस्तीत रांग लावली की त्यांनी आम्हाला आपल्या पुढे घेतलं.

त्याच आठवड्यात किराणा दुकानात एक बाई तिच्याकडे बघून हसल्या, हात पुढे केले. आमच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, गर्रकन तोंड फिरवलं आणि बाबाच्या मानेत नाक खुपसलं. "लाजाळू आहे वाटतं," बाई जरा खट्टू होऊन म्हणाल्या. आम्ही दोघं गोडेतेलाच्या पिशव्यांसमोर वेड्यासारखे हसत उभे. घरी येऊन आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता येते मी. आता उचलणार." आणि आल्या, आणि उचललं.

निघण्यापूर्वी संस्थेत निरोप घ्यायला जायचं का यावर आम्ही चार रात्री खल केला. ती तिथेच राहते म्हणाली तर? ताई म्हणाल्या, या. मावशी मेल्या नाहीत, हरवल्या नाहीत, आहेत, हे तिला दिसू द्या. गेलो. दार उघडताच ती कडेवरून उतरून धावत सुटली आणि मावशींच्या मांडीत जाऊन बसली. आमच्याकडे पाठ. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मावशींनी तिच्या शेंड्या सोडून पुन्हा बांधल्या. आम्ही चहा हातात धरून बसलो होतो, तो प्यायला नाही. मग मावशींनी तिला उठवून उभं केलं आणि म्हणाल्या, "जा, आईकडे जा." ती मधोमध उभी राहिली आणि भोकाड पसरलं. एक हात मावशींकडे, एक आमच्याकडे. शेवटी मावशी स्वतःच उठल्या, तिला आमच्यातल्या आईजवळ आणून सोडलं आणि मागे न बघता आत गेल्या. रिक्षात ती डेक्कनपर्यंत रडली. मग झोपली. बिस्किट तिच्या हातून सीटवर पडलं होतं, अर्धं. मूठ उघडी होती. घरी आल्यावरच आमच्या लक्षात आलं की ते रिक्षातच राहिलं, आणि उठल्यावर तिनेही मागितलं नाही.

दिल्लीचं फार नाही सांगण्यासारखं. आमच्या व्हिसाचं काम तिथल्या अमेरिकन दूतावासात होतं. होळी नुकतीच होऊन गेलेली, सावरीची लाल फुलं रस्त्याकडेला पडलेली, हवा अजून बरी. वरणभाताशिवाय काही चालत नव्हतं म्हणून दोन्ही वेळा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला जात होतो. दूतावासातल्या बाईंनी शपथ घ्यायला हात वर करायला सांगितला तसा तिनेही केला, दोन्ही. हेग कराराप्रमाणे दत्तक पूर्ण होऊन आलेलं मूल २००० च्या कायद्यानुसार आईबाबांबरोबर अमेरिकेत दाखल होताच नागरिक होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आमच्यातल्या एकाला त्यासाठी सतरा वर्षं लागली होती!

पुण्याहून निघताना आम्ही बॅगा तीनदा भरल्या. इकडून नेलेली खेळणी बहुतेक खालच्या काकूंच्या नातवंडांना दिली, तिने त्यांना हातच लावला नव्हता. संस्थेतून आलेलं, एकदाही न धुतलेलं दुपटं हँडबॅगेत. कुकरची दोन झाकणं, मालकांची परवानगी घेऊन आणि पैसे देऊन. तांब्या. दिल्ली विमानतळावर एक्स-रेच्या यंत्रावर पिशवी अडली आणि शिपायाने तांब्या बाहेर काढून उलटापालटा करून पाहिला. "ये किसका है?" त्याने विचारलं. ती बाबाच्या खांद्यावरून वाकली, तांब्याकडे बोट दाखवलं, मग आईकडे, मग बाबाच्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाली, "माझा." शिपायाला मराठी येत नव्हतं. त्याने तांब्या परत पिशवीत घातला आणि आम्हाला पुढच्या रांगेत पाठवलं.